नारायणहिटीची चिठ्ठी : डॉ. फ्रान्सिस बुकानन आणि एक रानफूल

हिमालयाच्या कुशीत, ओढ्यांच्या काठी आणि ओलसर कुरणांत, उन्हाळा लागला की एक पांढरे फूल उमलते. रोप गुडघ्या-मांडीइतके उंच, पाने हाताच्या पंजासारखी चिरलेली, आणि देठांच्या टोकाला पाच ते आठ शुभ्र दले. त्यांना पाकळ्या म्हणण्याचा मोह होतो. पण शास्त्राच्या भाषेत ती संदले होत, या फुलाला पाकळ्या नसतातच. दलांची पाठ निळसर असते आणि मधल्या परागकोशांवरही जांभळट निळी झाक असते. फुले झडली की बारीक फळांचा गेंद उरतो आणि प्रत्येक फळाच्या टोकाला एक आकडा असतो. काश्मीरपासून नेपाळ, भूतान, म्यानमारच्या उत्तर सीमेवरील डोंगर आणि चीनच्या नैऋत्य प्रांतांपर्यंत हे फूल आढळते. मधला फार मोठा पट्टा सोडून ते दक्षिणेत निलगिरी, पळणीच्या उंच माथ्यांवर आणि श्रीलंकेच्या डोंगरांतही भेटते.

ॲनिमोन म्हटले की मुंबई-कोकणच्या वाचकाला खडकांच्या डबक्यातले समुद्रफूल आठवेल. तो प्राणी आहे आणि त्याचे नाव या फुलावरूनच उसने घेतलेले आहे. मूळचे ॲनिमोन हे जमिनीवरचे. ग्रीक भाषेतील वाऱ्याच्या शब्दावरून ते नाव आले. मराठीत ज्याला मोरवेल कुल म्हणतात त्या कुळातले हे रोप असून कासच्या पठारावर दिसणारी निळवंती ही त्याची लांबची बहीण लागते.

या पांढऱ्या रानफुलाचे शास्त्रीय नाव गेली दोनशे वर्षे ॲनिमोन रिव्ह्युलॅरिस असे लिहिले गेले. रिव्ह्युलॅरिस म्हणजे ओहोळाकाठचे. पुस्तकात या नावामागे बारीक अक्षरांत काही संक्षेप असतात, ज्यांच्याकडे सामान्य वाचक लक्ष देत नाही. ते संक्षेप सोडवून वाचले तर त्यांचा अर्थ असा होतो : नाव योजले बुकानन-हॅमिल्टन यांनी, प्रसिद्ध केले दी कांदोल यांनी. वनस्पतिशास्त्राच्या शिस्तीत हे श्रेय फार काटेकोरपणे नोंदले जाते. मात्र यातील गंमत अशी की, बुकानन-हॅमिल्टन या जोडनावाने ओळखला जाणारा माणूस स्वतः ते नाव कधीही वापरत नव्हता. भारतात असेपर्यंत ते फ्रान्सिस बुकानन होते आणि मायदेशी परतल्यावर फ्रान्सिस हॅमिल्टन झाले. मधली जोडरेघ पुढच्या पिढ्यांनी घातली.

इतिहासाच्या अभ्यासकांना डॉ. बुकानन ठाऊक आहेत ते निराळ्या कारणाने. टिपू सुलतानाच्या पाडावानंतरचा म्हैसूर आणि मलबार, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा बंगाल आणि बिहार यांविषयी काही लिहायचे तर बुकानन यांच्या पाहणीशिवाय पुढे सरकता येत नाही. शेतकऱ्याचा नांगर, विणकराची मजुरी, बाजारातील मापे, जातींच्या चालीरीती, पडक्या देवळांचे शिलालेख, सगळे त्यांनी टिपले. पण मुळात ते वैद्य होते आणि मनाने वनस्पतिशास्त्रज्ञ.

स्कॉटलंडमधील पर्थशायरात, कॅलंडर गावाच्या परिसरात, १५ फेब्रुवारी १७६२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील थॉमस बुकानन हे वैद्य होते. आई एलिझाबेथ ही बार्डोवीच्या हॅमिल्टन घराण्यातील. धाकट्या मुलाच्या वाट्याला जमीनजुमला येण्याची शक्यता नव्हती, तेव्हा उदरनिर्वाहासाठी विद्या हाच मार्ग होता. ग्लासगोत पदवी घेऊन ते एडिंबऱ्याला गेले आणि १७८३ साली वैद्यकशास्त्राचे डॉक्टर झाले. तेथे जॉन होप यांच्याकडे त्यांनी वनस्पतिशास्त्राचे धडे घेतले. लिनियसची नवी वर्गीकरणपद्धती ब्रिटनमध्ये शिकवणाऱ्या पहिल्या अध्यापकांपैकी होप एक होते, आणि त्या काळी औषधाची झाडे ओळखता येणे हा वैद्याच्या शिक्षणाचा भागच होता.

होप यांच्या व्याख्यानांच्या वहीची कथा सांगण्याजोगी आहे. पुढे बुकानन जहाजावरील वैद्य म्हणून पूर्वेकडे येऊ-जाऊ लागले. १७८५च्या सफरीत अलेक्झांडर बॉस्वेल नावाच्या सहप्रवाशाला त्यांनी ती वही वाचायला दिली. बॉस्वेल यांच्याकडून ती सत्यमंगलमच्या परिसरात हरवली आणि फिरत फिरत टिपू सुलतानाच्या हाती पडली. टिपूने तिची नव्याने बांधणी करून ती आपल्या ग्रंथालयात ठेवली. श्रीरंगपट्टण पडल्यानंतर एका इंग्रज अधिकाऱ्याला ती तेथे सापडली आणि १८०० साली मूळ मालकाकडे परत आली. पुढच्या आयुष्यात बुकानन यांच्या हातून बरेच काही गेले; त्यांतले इतक्या सुखरूपपणे परत आलेले फारच थोडे.

१७९४ साली त्यांना ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील वैद्यकीय सेवेत जागा मिळाली. दुसऱ्याच वर्षी कॅप्टन मायकेल साइम्स यांच्या शिष्टमंडळाबरोबर ते ब्रह्मदेशाच्या दरबारी गेले. काम वैद्याचे, पण त्यांनी तेथील झाडेझुडे जमवली, धर्माविषयी लिहिले आणि निरनिराळ्या बोलींतील शब्दांची एक तौलनिक यादी तयार केली. १७९९ साली छापलेल्या त्या यादीत आराकानातील मुसलमान स्वतःसाठी वापरत असलेला एक शब्द आहे, जो आज आपण रोहिंग्या असा लिहितो. छापील इंग्रजीतला हा त्या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख. दोन शतकांनंतर त्या समाजाच्या अस्तित्वावरच वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजूंचे अभ्यासक त्या एका ओळीकडे वळले. लोक एखाद्या गोष्टीला काय म्हणतात हे जसेच्या तसे लिहून ठेवण्याची बुकानन यांची सवय किती मोलाची होती, ते यावरून कळावे.

म्हैसूरचा दौरा त्यांना प्रसिद्धी देऊन गेला. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांच्या आज्ञेवरून २३ एप्रिल १८०० रोजी ते मद्रासहून निघाले आणि म्हैसूर, मलबार, कानडा हा सारा मुलूख पालथा घालून १८०१च्या उन्हाळ्यानंतर परतले. किनाऱ्याकिनाऱ्याने गोकर्ण, अंकोला करीत ते कारवारजवळच्या सदाशिवगडापर्यंत, म्हणजे गोव्याच्या वेशीपर्यंत आले आणि तेथून घाट चढून यल्लापूर, सोंद्याकडे वळले. या प्रवासाचे तीन खंड १८०७ साली लंडनला छापले गेले. याच दौऱ्यात ते निलगिरीच्या पायथ्याशीही जाऊन आले होते. एक चढण चढलेही. पण माथ्यावरच्या थंड पठारापर्यंत पोहोचले नाहीत. ते पोहोचले असते तर तेथील ओहोळांच्या काठी हे पांढरे फूल त्यांना नेपाळच्या दीड वर्ष आधीच भेटले असते. दक्षिणेतील या रोपाला पुढे रॉबर्ट वाइट यांच्या नावावरून एक वेगळेच शास्त्रीय नाव देण्यात आले होते. दोन्ही एकच हे नंतर ठरले आणि आधीचे नाव टिकले.

नेपाळची संधी १८०२ साली आली. कंपनी आणि काठमांडूचा दरबार यांच्यात नुकताच तह झाला होता. कॅप्टन विल्यम नॉक्स यांची रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली आणि बुकानन त्यांच्याबरोबर वैद्य म्हणून गेले. एप्रिल १८०२ मध्ये हे पथक खोऱ्यात उतरले आणि मार्च १८०३ मध्ये ते काठमांडूहून परत फिरले. जेमतेम अकरा-बारा महिन्यांचा हा मुक्काम. दरबाराला या पाहुण्यांचा भरवसा वाटत नव्हता आणि तो वाटू नये अशीच परिस्थिती होती. कंपनीचा पाहुणा घरात शिरला की यजमान कोण हे लवकरच बदलते, हे तोवर हिंदुस्थानातील बहुतेक दरबारांना उमजले होते. त्यामुळे खोऱ्याबाहेर भटकण्यास या मंडळींना मोकळीक नव्हती. बर्फाची शिखरे रोज समोर दिसत, पण तेथवर जाता येत नसे.

बुकानन यांनी मग हाताशी असलेले खोरे बारकाईने धुंडाळले. पानाफुलांचे नमुने दाबून वाळवायचे, वर्णने लिहायची, चित्रे काढायची. ज्यांना हे काम परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. रोप मुळासकट उपटून, माती झटकून, शोषक कागदांच्या थरांत पसरून ठेवतात आणि वर वजन देतात. कागद ओला झाला की बदलायचा. पावसाळी हवेत हे रोजचे काम होऊन बसते, कारण एक दिवस आळस केला तर बुरशी धरते आणि बुरशीतून वाचले तर किडे लागतात. पूर्ण वाळलेले रोप जाड कागदावर चिकटवून त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवतात. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाकडे आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये असे असंख्य कागद कपाटांत नीट लावून ठेवलेले आहेत.

या साऱ्यात महत्त्वाची ती चिठ्ठी. चिठ्ठीवाचून वाळलेले रोप म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. त्या काळातील कितीतरी युरोपीय संग्राहक चिठ्ठीवर नुसते हिंदुस्थान एवढेच लिहून मोकळे होत. राजस्थानचे वाळवंट आणि आसामचे जंगल एकाच शब्दात! बुकानन यांच्या चिठ्ठ्यांवर मात्र ठिकाणाचे नाव आणि बहुधा तारीखही असे. त्यांच्या नेपाळी नोंदींमध्ये नारायणहिटी आणि स्वयंभू ही नावे त्यांनी आपल्या कानाला ऐकू आली तशी, वेड्यावाकड्या रोमन स्पेलिंगमध्ये लिहिली आहेत. नारायणहिटीचा राजवाडा जून २००१ मधील राजघराण्याच्या हत्याकांडामुळे मराठी वाचकांना माहीत आहे. राजेशाही २००८ साली संपली आणि वाड्याचे संग्रहालय झाले. बुकानन तेथे वावरले तेव्हाचा नारायणहिटी अर्थातच वेगळा होता. नेवारी भाषेत हिटी म्हणजे दगडी तोटीचे पाणवठे. आज दाट वस्तीने वेढलेल्या त्या जागेभोवती १८०२ साली काय काय रुजत, फुलत होते याचा पुरावा लंडनच्या कपाटांतल्या कागदांवर आहे.

स्थानिक नावे विचारून लिहून घेणे हाही त्यांचा परिपाठ होता. नेवारी आणि पर्वतीय, दोन्ही बोलींतील नावे त्यांनी टिपली आणि त्यांतली काही थेट शास्त्रीय नावांत बसवली. नेपाळी कागद ज्या झुडपांच्या सालीपासून बनतो त्यांपैकी एकाचे शास्त्रीय नाव डॅफनी भोलुआ असे आहे. त्यातला भोलुआ हा शब्द तेथल्याच लोकांच्या तोंडचा. लॅटिनच्या दरबारात हा नेवारी पाहुणा दोनशे वर्षे मानाने बसला आहे. कोणा माळकऱ्याने, गुराख्याने किंवा वैदूने तो शब्द त्यांना सांगितला असेल. त्या माणसाचे नाव मात्र चिठ्ठीवर नाही. अपवाद एकाच सहकाऱ्याचा. कलकत्त्याहून बरोबर नेलेले रामजय भट्टाचार्य दरबाराला संशय येऊ न देता माहिती काढत, आणि पुढे नेपाळवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत बुकानन यांनी त्यांचे ऋण नाव घेऊन मान्य केले आहे. ही माहिती फुलापानांपुरती नव्हती, हेही लपवण्याचे कारण नाही. राज्याची घडण, वाटा, महसूल, सैन्य, सगळ्याची टिपणे झाली. १८१४ साली कंपनीने नेपाळशी युद्ध पुकारले तेव्हा या देशाविषयी तिला असलेली माहिती अशाच मार्गांनी जमलेली होती. रानफुलाचा संग्राहक आणि साम्राज्याचा टिपणकार या एकाच अंगरख्यात वावरणाऱ्या दोन व्यक्ती होत्या, आणि त्यांना वेगळे काढू पाहणे व्यर्थ आहे.

काठमांडूहून परतल्यावर बुकानन वेलस्ली यांचे खासगी वैद्य झाले आणि बराकपूरच्या प्राणिसंग्रहालयाची देखरेखही त्यांच्याकडे आली. १८०५ साली वेलस्ली मायदेशी निघाले तेव्हा तेही बरोबर गेले. सामानात नेपाळचे कागद होते. ते त्यांनी लिनियन सोसायटीचे संस्थापक जेम्स एडवर्ड स्मिथ यांच्या हवाली केले. वर्णनांच्या वह्या आणि चित्रेही दिली. जोडीचे नमुने एल्मर लॅम्बर्ट या धनिक संग्राहकाच्या घरी गेले. स्मिथ यांच्याकडून या सगळ्याचा एक मोठा ग्रंथ होईल अशी अपेक्षा असावी. काही वनस्पती स्मिथ यांनी प्रसिद्धही केल्या, पण बहुतेक कागद कपाटातच राहिले.

मग एक स्विस पाहुणा आला. जिनिव्हाचे ओग्युस्तँ प्यराम दी कांदोल हे जगातील समस्त वनस्पतींची सूची करण्याचा अवाढव्य संकल्प घेऊन बसले होते. १८१६ साली ते लंडनला येऊन तेथील संग्रह पाहून गेले, आणि १८१७ साली त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला. सुरुवात मोरवेल कुलापासूनच होती. त्यात ओहोळाकाठचे आपले ॲनिमोन आहे, द्राक्षाच्या पानांसारखी पाने असलेले दुसरे ॲनिमोन व्हिटिफोलिया आहे आणि पांढऱ्या फुलांनी लगडणारी डोंगरी मोरवेल, क्लिमेटिस मोंटाना, हीही आहे. तिन्ही नावे बुकानन यांनी योजलेली आणि दी कांदोल यांनी ती तशीच स्वीकारून श्रेय त्यांना दिले. शास्त्राच्या व्यवहारात हा सरळपणा सर्वांनीच दाखवला असता तर बुकानन यांचे चरित्र वेगळे झाले असते. डोंगरी मोरवेल आज युरोपातल्या असंख्य घरांच्या भिंतींवर चढलेली दिसते. द्राक्षपर्णी ॲनिमोनचा चिनी जातीशी संकर होऊन एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत जी फुले तयार झाली, ती जपानी ॲनिमोन या नावाने विकली जातात. नेपाळचे नाव त्यात कोठेच नाही.

दी कांदोल लंडनला आले तोवर बुकानन हिंदुस्थानातील दुसरी आणि अधिक दमछाक करणारी खेप पूर्ण करून परतले होते. १८०७ पासून सात वर्षे त्यांनी बंगाल इलाख्याचे सर्वेक्षण केले. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा-गया, शहाबाद आणि अखेरीस गोरखपूर, एकेका जिल्ह्याला एकेक वर्ष. पावसाळ्यात एका जागी बसून लेखन आणि थंडीत गावोगाव फिरती. १८११च्या हिवाळ्यात ते बोधगयेला गेले. तेथील ओसाड महाविहाराचे आणि ब्रह्मदेशातून येऊन गेलेल्या यात्रेकरूंच्या आठवणींचे त्यांनी केलेले वर्णन पुढच्या पुरातत्त्ववेत्त्यांना उपयोगी पडले. वनस्पतींचे नमुने जमवणे चालूच होते आणि त्यात आता माशांची भर पडली. नद्यांच्या काठी कोळ्यांच्या जाळ्यांतून आलेले मासे हलुदार नावाच्या बंगाली चित्रकाराकडून ते रंगवून घेत.

१८१४ साली विल्यम रॉक्सबर्ग यांच्या जागी कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे अधीक्षकपद त्यांना मिळाले. ज्या पदाची एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्यभर वाट पाहावी ते हाती आले तेव्हा प्रकृती थकली होती. वर्षाच्या आतच त्यांनी परतीची तयारी केली. इतक्या वर्षांत जमवलेली चित्रे लंडनला नेऊन कंपनीच्या संचालकांच्या संग्रहालयाला अर्पण करावीत असा त्यांचा विचार होता. पण नवे गव्हर्नर जनरल लॉर्ड मोइरा यांनी ती चित्रे कलकत्त्यातच राहतील असा हुकूम काढला. सरकारी खर्चाने झालेले काम सरकारचे, असा युक्तिवाद करता येईलही. पण ज्याने ती चित्रे करवून घेतली, ज्याच्या टिपणांशिवाय त्यांचा अर्थ लावता येणार नव्हता, त्याच माणसापासून ती तोडली गेली. हा घाव बुकानन यांना अखेरपर्यंत सलत राहिला.

आणि त्यांची भीती खोटी नव्हती. १८२२ साली गंगेतील माशांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, तो हाताशी राहिलेल्या रेखाटनांच्या आधारे. अडीचशेहून अधिक जातींचे वर्णन त्यात आहे, पण चित्रे रंगहीन आणि मोजकीच. कलकत्त्यात मागे राहिलेल्या चित्रांच्या प्रती दरम्यान इतरांनी करून घेतल्या आणि त्या दुसऱ्यांच्या ग्रंथांत उतरल्या. तरीही त्या पुस्तकाने जे साधले ते मोठे आहे. रोहिता, कटला, मृगळा, इलिशा ही माशांची शास्त्रीय नावे त्यातलीच. आपल्याकडे धरणांच्या तळ्यांत वाढवले जाणारे रोहू, कटला आणि मृगळ आजही शास्त्राच्या लेखी हॅमिल्टन, १८२२ असाच शिक्का घेऊन असतात. पारदर्शक अंडी घालणारा, प्रयोगशाळांचा लाडका झेब्राफिश, डॅनिओ रेरिओ, हाही त्यांनीच बंगालच्या नद्यांतून नोंदलेला. येथेही कोळ्यांच्या तोंडची नावे त्यांनी लॅटिनच्या पंक्तीत बसवली.

आईकडची मालमत्ता वारशाने आली आणि त्यासोबत हॅमिल्टन हे आडनाव घ्यावे लागले. कॅलंडरजवळ लेनी येथे त्यांनी घर केले, उशिरा संसार थाटला, बाग लावली. १८१९ साली नेपाळचा वृत्तान्त आणि हिंदूंच्या वंशावळ्या ही पुस्तके प्रसिद्ध झाली. मलबारच्या वनस्पतींवरचा सतराव्या शतकातील डच ग्रंथ, हॉर्टस मलबारिकस, याच्या एकेका झाडाची ओळख पटवणारे भाष्य ते लिहीत राहिले. या ग्रंथाशी आपला संबंध आहे : त्याच्या निर्मितीत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांचा हात होता, त्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे आणि झाडांची नावेही चित्रांवर नागरीत आहेत. लोकांच्या तोंडच्या नावांचा पाठपुरावा करणाऱ्या माणसाने उतारवयात नेमका हाच ग्रंथ निवडावा, याचे आश्चर्य वाटत नाही. त्यांचे भाष्य लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात तुकड्यातुकड्याने छापले गेले. शेवटचे भाग निघाले तेव्हा ते हयात नव्हते. अखेरच्या वर्षांत त्यांनी बुकानन कुळाच्या प्रमुखपदावरील आपला हक्क सिद्ध केला. हॅमिल्टन आडनाव धारण केलेल्या माणसाने बुकानन म्हणून मान मिळवावा, हाही त्या आयुष्याला साजेसाच प्रकार. १५ जून १८२९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतरची हेळसांड अधिक बोचणारी आहे. बंगालच्या सर्वेक्षणाचे प्रचंड हस्तलिखित लंडनच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये पडून होते. १८३८ साली माँटगोमेरी मार्टिन यांनी त्यात मनास येईल तशी काटछाट करून तीन खंड छापले आणि मुखपृष्ठावर नाव दिले ते स्वतःचे. बुकानन यांचे नाव तेथे नव्हते. कित्येक वर्षे अभ्यासक पूर्व हिंदुस्थानविषयी मार्टिन यांचे दाखले देत राहिले. मूळ रोजनिशा आणि अहवाल विसाव्या शतकात पाटण्याहून छापले गेले, तेव्हा कोठे मूळ लेखकाचे त्याला परत मिळू लागले. नेपाळच्या वनस्पतींचेही असेच झाले. लॅम्बर्ट यांचे ग्रंथपाल डेव्हिड डॉन यांनी १८२५ साली नेपाळच्या वनस्पतींवरचे पहिले पुस्तक लिहिले ते मुख्यतः बुकानन आणि त्यांच्यानंतर तेथे गेलेले नाथानिएल वॉलिक यांच्या कागदांवरून. डॉन यांनी निदान हॅमिल्टन हे नाव आणि चिठ्ठीवरचे ठिकाण जागोजाग दिले, एवढे त्यांचे ऋण मानले पाहिजे.

कागदांचा पुढचा प्रवास थोडक्यात असा. स्मिथ यांचा संग्रह बुकानन यांच्या मृत्यूच्याच वर्षी, १८२९ साली, लिनियन सोसायटीने विकत घेतला. लॅम्बर्ट कर्जबाजारी होऊन वारले आणि १८४२ साली त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यातला नेपाळचा भाग ब्रिटिश म्युझियमकडे आला, तो आता लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. स्वतःजवळ ठेवलेले नमुने बुकानन यांनी एडिंबऱ्याला दिले होते. म्हणजे एकाच वर्षी एकाच खोऱ्यात खुडलेली रोपे तीन संस्थांत विभागली गेली. कोणता कागद कशाचा जोडीदार आहे हे दीर्घकाळ कोणी पाहिलेच नाही.

एडिंबऱ्याच्या राजकीय वनस्पतिउद्यानातील अभ्यासकांनी नेपाळच्या वनस्पतिकोशाचे काम हाती घेतले तेव्हा हे कोडे सोडवणे भाग पडले. कारण एखाद्या जातीचे नाव नेमके कशाला दिले होते हे ठरवायचे तर ज्यावरून ते दिले गेले तो मूळ नमुना, ज्याला शास्त्रात टाइप म्हणतात, शोधावा लागतो. त्यांनी चिठ्ठीवरची तारीख वहीतल्या तारखेशी आणि वहीतले वर्णन चित्राशी जुळवत बुकानन यांचे जवळजवळ रोजचे फिरणे पुन्हा उभे केले. त्यांचा सविस्तर लेख २०१६ साली प्रसिद्ध झाला. आता यांतील अनेक कागदांची छायाचित्रे संगणकावर घरबसल्या पाहता येतात. पिवळट कागद, तपकिरी पडलेली पाने, शाईची बारीक अक्षरे. पूर्वी फुलणारी झाडे आज कोणत्या आठवड्यात फुलतात, कोठवर वर सरकली आहेत, हे शोधणाऱ्यांना असल्या तारखांची गरज पडते. ठिकाण आणि दिवस दोन्ही लिहिलेला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद हिमालयाच्या बाबतीत फार दुर्मिळ आहे.

ओहोळाकाठच्या त्या फुलाच्या नावातही अलीकडे बदल झाला. जनुकीय अभ्यासानंतर ॲनिमोन या मोठ्या प्रजातीचे तुकडे करावेत असे काही तज्ज्ञांचे मत पडले आणि २०१८ साली हे रोप एरिओकॅपिटेला नावाच्या प्रजातीत हलवण्यात आले. हे मत सर्वांनी स्वीकारलेले नाही, त्यामुळे जुने नावही वापरात आहे. रिव्ह्युलॅरिस हा शब्द मात्र दोन्हीकडे कायम राहिला. नव्या नावात, नियमानुसार, पहिल्या नामकर्त्याचा उल्लेख कंसात जातो. जोडरेघेसह बुकानन-हॅमिल्टन आता त्या कंसात आहेत, आणि त्यांच्यानंतर एक्स हा छोटा शब्द आणि दी कांदोल.